नऊचं अ‍ॅव्हरेज

आमच्या आजोळी पाहुण्याने काहीही विचारावं. जावयाचा पगार विचारावा, भाजीत तिखट एवढं का म्हणून विचारावं, कोणी वाईट मानत नसे. फक्त 'गाडी अ‍ॅव्हरेज किती देते?' एवढं विचारू नये. नागपुरात हा प्रश्न 'कसं काय, बरं आहे ना' याच्या बरोबरीचा आहे. दारात गाडी दिसली की माणूस विचारतोच. आमच्याकडे मात्र तो प्रश्न आला की आजी उठून आत जायची, आजोबा चष्मा पुसत बसायचे, आणि विचारणाऱ्याला कळायचं नाही की आपलं चुकलं कुठे.

त्याचं काहीच चुकलेलं नसायचं. चूक जुनी होती, माझ्या जन्माच्या आधीची. ती घडली मात्र माझ्यापायी, म्हणून ती मीच सांगते. बाकीचे सांगतील ही आशा मी कधीच सोडली आहे.

माझ्या आईचे वडील, मधुकरराव, यांचं कॉटन मार्केटजवळ पंपांचं दुकान होतं. विहिरीवर बसवायची डिझेल इंजिनं, पाईप, वॉशर, पट्टे. काटोल-कळमेश्वरकडचे संत्रावाले त्यांच्याकडे इंजिनाचा आवाज तोंडाने काढून दाखवायचे आणि आजोबा नुसत्या आवाजावरून बिघाड सांगायचे. देवाधर्माच्या भानगडीत ते पडत नसत. जे मोजता येत नाही ते नाही, असं त्यांचं सरळ मत होतं आणि ते मत चहाच्या प्रत्येक कपाबरोबर समोरच्याला पाजायची त्यांना सवय होती.

त्यांनी एक जुनी फियाट घेतली होती. तिच्या अ‍ॅव्हरेजवर त्यांचा इतका जीव होता की आजी म्हणायची, माझी तब्येत एवढी कधी पाहिली नाही. टाकी गळ्यापर्यंत भरायची, गाडी चालवायची, पुन्हा गळ्यापर्यंत भरायची, आणि मधले किलोमीटर भागिले लिटर. उत्तर बारा आलं की माणूस दिवसभर खुशीत. त्यासाठीचे त्यांचे नियम घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होते. रेल्वेचं फाटक बंद असलं की इंजिन बंद. पुढे गर्दी दिसली की लांबूनच पाय उचलायचा, ब्रेक मारायची वेळ येऊ द्यायची नाही. क्लचवर पाय ठेवून बसायचं नाही. टायरमध्ये हवा दर रविवारी. डिकीत फालतू वजन नको. आणि अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे झोपलेल्या लेकराची पाठ आहे, ती थोपटायची, दाबायची नाही.

हे नियम आजोबांनी ज्याला शिकवले आणि ज्याने ते त्यांच्याहूनही चांगले पाळले, तो त्यांचा धाकटा भाऊ श्रीधर. मी त्यांना धाकटे आजोबा म्हणते. आजी, म्हणजे मनकर्णाबाई, लग्न होऊन आली तेव्हा श्रीधर पाटी घेऊन शाळेत जायचा. त्याच्या डोक्याला तेल लावण्यापासून सगळं आजीने केलं. मोठेपणी तो आजोबांच्या दुकानात बसायचा आणि गाडीही बहुतेक तोच चालवायचा. मोठ्या भावाला तो 'दादा' म्हणायचा आणि 'तू' म्हणायचा. वयात एवढं अंतर असताना गावाकडच्या घरात हे कोणी चालवून घेतलं नसतं. दुकानातली गिऱ्हाइकं चमकून पाहायची. पण जत्रेत ज्याच्या खांद्यावर बसलो त्याला 'तुम्ही' कसं म्हणायचं, असं श्रीधरचं म्हणणं, आणि आजोबांना त्या 'तू'चा मनातून अभिमान होता.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. पेट्रोलचे भाव एकदम असे चढले होते की ज्यांच्याकडे गाड्या होत्या ते त्या पुसून ठेवायला लागले. त्याच वर्षी माझी आई, शामला, हिंगणघाटहून माहेरी आली. तिला दिवस गेले होते. त्या पोटात मी होते.

माझ्या आधी एक जीव आईच्या पोटातून गेला होता. तेव्हाही ती सणासाठी नागपूरलाच आलेली होती. आजोळचं घर उंटखाना वस्तीत. तिथून बर्डीकडे, रामदासपेठेकडे जायचं तर सरळ रस्ता मोक्षधाम घाटावरून, म्हणजे स्मशानाच्या कडेने. त्या खेपेला गाडी घाटाजवळ असताना समोरून अंत्ययात्रा आली आणि गाडी तिथेच अडकून राहिली. पुढच्या आठवड्यात आईचं व्हायचं ते झालं. डॉक्टरीणबाईंनी त्याचं कारण नीट समजावून सांगितलं, आजोबांना ते पटलं. आजीला मात्र त्या रस्त्याशिवाय दुसरं कारण दिसेना. तिने एकदाच तसं बोलून पाहिलं. आजोबा म्हणाले, "घाट काय माणसं खाते काय? उद्यापासून तं मी मुद्दाम तिकडूनच जाईन." आणि खरंच ते आठवडाभर मुद्दाम तिकडूनच गेले. तेव्हापासून आजीने या माणसापुढे तोंड उघडायचं नाही असं ठरवलं.

या खेपेला रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी आईला पंधरवड्याने, पुढे दर आठवड्याला दाखवून जायला सांगितलं होतं. आजोबा दुकानात, म्हणून नेणार श्रीधर. पहिल्या दिवशी आई साडी बदलत होती तेव्हा आजीने श्रीधरला मागच्या अंगणात बोलावलं.

"श्रीधर, पोरीले घाटावरून नेजो नोको गा."

"मंग कुठून नेऊ, वैनी?"

"मेडिकल चौकातून जाय. अजनीचा पूल घे, अन् धंतोलीतून काढ. लंबा पडला तं पडू दे. अन् गाडी हळू चालव, तिले धक्का नाही लागला पाहिजे."

"दादा विचारन न."

"त्यांले सांगजो नोको. सांगशीन तं ते मुद्दाम घाटावरून नेतीन तिले. तुले पोटातल्या लेकराची शपथ हाय."

आता शपथेचं आमच्याकडे असं आहे की घातलेली शपथ सुटते. ज्याच्या नावाने घातली त्याने 'सुटली' म्हटलं की झालं, मोकळं. लहानपणी आम्ही दिवसातून दहा शपथा घालायचो आणि जेवायच्या आधी 'सुटली म्हण, सुटली म्हण' करून सगळ्या सोडवून घ्यायचो. पण जे लेकरू अजून जन्मालाच आलं नाही, ते 'सुटली' कसं म्हणणार? आजीने घाईत, भीतीपोटी, जिची सुटकाच नाही अशी शपथ घातली. श्रीधरने मान डोलावली. तो काही शकुन-अपशकुन मानणारा नव्हता. वहिनीचा जीव शांत राहील एवढंच त्याने पाहिलं.

तो आईला कसा न्यायचा ते आई अजून सांगते. मेडिकल चौकापुढे रस्ता खणलेला, तिथे सायकल रिक्षांच्या मागे मागे, पायी चालणाऱ्याच्या वेगाने. दुसऱ्या गियरच्या वर गाडी जायचीच नाही. अजनीच्या पुलाच्या चढावर बैलगाडी आडवी आली तर गाडी मागे सरकून झटका बसू नये म्हणून अर्ध्या क्लचवर धरून ठेवायचा, इंजिन घुरघुरत राहायचं. दवाखान्यासमोर पोचल्यावर तर गाडी बंदच करायचा नाही. बॅटरी कमजोर झाली होती, एकदा बंद केली की धक्का मारल्याशिवाय सुरू व्हायची खात्री नव्हती, आणि पोटुशी पोर रस्त्यावर ताटकळलेली त्याला नको होती. आई आत नंबर लावून बसायची आणि बाहेर गाडी उभ्या जागी पेट्रोल पीत राहायची. आजोबांचे सगळे नियम श्रीधरने त्या महिन्यांत एक एक करून मोडले. अ‍ॅक्सिलरेटरच्या जागी त्याच्या पायाखाली तेव्हा खरंच झोपलेलं लेकरू होतं, एवढाच फरक.

अ‍ॅव्हरेज पडलं. बाराचं अकरा, मग दहा, मग नऊ.

आजोबांनी आधी गाडीला दोष दिला. कार्बोरेटर स्वतः उघडला, प्लग घासले, चाकं उचलून हातानं फिरवून पाहिली. मग एका रविवारी टाकी भरून स्वतः कामठीपर्यंत जाऊन आले. बारा आले. पुढच्या आठवड्यात श्रीधरच्या हाती गाडी दिली, पुन्हा नऊ. शिवाय मीटरवरचे किलोमीटर रामदासपेठेच्या अंतरापेक्षा जास्तच दिसत होते. गाडी निर्दोष निघाली, आणि मोजणाऱ्या माणसाला उरलेलं उत्तर दिसायला वेळ लागत नाही. उत्तर बरोबर आहे की नाही हे पाहायला मात्र त्याच्याकडे मोजपट्टी नसते.

आई आठव्या महिन्यात होती. माझे वडील तिला भेटायला हिंगणघाटहून आले होते, म्हणून पुरणपोळी होती. आई आतल्या खोलीत पडून होती. पाटावर आजोबा, माझे वडील आणि श्रीधर. आजी वाढत होती. आजोबांनी तुपाची वाटी जावयाकडे सरकवली आणि तितक्याच सहज म्हणाले,

"श्रीधर, तू रामदासपेठले जातो म्हणते. मीटर तं काही वेगळंच सांगून राहिलं. कुठं कुठं हिंडतं बापा?"

श्रीधर म्हणाला, "रामदासपेठलेच जातो, दादा."

"अन् नऊचं अ‍ॅव्हरेज? माह्या हातात बारा देते, तुह्या हातात नऊ. गाडी पिऊन राहिली का पेट्रोल, का कोणी काढून विकून राहिलं?"

माझ्या वडिलांच्या मते आजोबा ते हसत हसत म्हणाले होते. असतील. पण जावयासमोर म्हणाले. ज्या घरात जावई आला की भांडणारी मांजरंसुद्धा गप्प बसतात, त्या घरात जावयाच्या पाटाला पाट लावून भावाला चोर म्हणाले.

श्रीधरने आजीकडे पाहिलं. आजीच्या हातात पोळी होती, ती ना ताटात पडत होती ना डब्यात जात होती. तिची नजर आतल्या खोलीच्या दाराकडे होती, जिथे मला पोटात घेऊन आई झोपली होती. बोललं तर शपथ मोडते, आणि शपथ कोणाच्या नावाची आहे ते दोघांनाही माहीत होतं. आजीला वाटलं, महिनाभराचा प्रश्न आहे, लेकरू हाती आलं की मीच सगळं सांगेन. एवढ्या तेवढ्यावरून काय बिघडणार आहे, असं तिला वाटलं. यावर मी तिच्याशी फार भांडले आहे.

श्रीधरने हात धुतला. खिशातून गाडीची किल्ली काढून आजोबांच्या ताटाशेजारी ठेवली.

"किल्ली घे, दादा," तो म्हणाला.

एवढंच. आवाज चढला नाही, दार आपटलं नाही. माझे वडील पुरणपोळीत तोंड घालून बसले; सासरवाडीची गोष्ट आपण बाहेर काढायची नाही हा त्यांचा बाणा, तो त्यांनी इतका पाळला की आईलासुद्धा कित्येक वर्षं सांगितलं नाही. आईला कळलं ते इतकंच की कोराडीला वीजकेंद्रात भरती चालू आहे आणि काकांना तिथे नोकरी लागली. महिन्याभरात श्रीधर तिकडे राहायला गेला.

नंतर आईला दाखवायला न्यायचा प्रश्न आला तेव्हा आजी म्हणाली की गाडीचे धक्के लागतात, मी रिक्षाने नेईन. आणि सायकल रिक्षाने, मेडिकल चौकातून, अजनीच्या पुलावर खाली उतरून रिक्षाला मागून हात लावत, तिने आईला नेलं. आजोबांना त्यात पेट्रोल वाचल्याचंच दिसलं.

मी जन्मले. धडधाकट. बाराव्या दिवशी श्रीधर आला, माझ्या हातात चांदीचा वाळा घातला. आजीने त्याला स्वयंपाकघरात गाठलं आणि म्हणाली, आता सांगते मी त्यांना. तर तो म्हणाला, "नोको, वैनी. दादाले सांगून त्याचा विश्वास मागू काय मी? विश्वास असता तं त्यानं असं म्हटलंच नसतं. आता सांगितलं तं तुह्यावर भडकन. राहू दे." मग बाहेर येऊन आजोबांच्या पाया पडला आणि म्हणाला, "येतो, दादा. तुम्ही तब्येत सांभाळा."

'तुम्ही'. आजोबांनी ते ऐकलं आणि त्यांना काय वाटलं माहीत आहे? आनंद झाला. नोकरीला लागला, चार लोकांत वावरतो, मोठ्या भावाला मान द्यायला शिकला, असं ते दुकानात सांगत सुटले. पुढे श्रीधरचं लग्न झालं. आजोबांनीच पुढे होऊन सगळं केलं. सुमती काकी, म्हणजे आईची काकी, घरात आली. दिवाळी, भाऊबीज, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा, सगळ्याला श्रीधर यायचा, कोराडीच्या बसने यायचा आणि बसने जायचा. 'बसा दादा', 'घ्या दादा', 'तुम्ही म्हणाल तसं, दादा'. पाच वर्षं आजोबा तो मान मिरवत राहिले. आजी आत भांडी घासायला निघून जायची.

मग माझ्या भावाच्या वेळी आई पुन्हा माहेरी आली. मी पाच वर्षांची, तिच्याबरोबर. दुकान आता नोकरांवर चालायचं, म्हणून आईला रामदासपेठेत दाखवायला आजोबाच निघाले. आजी शेजारी हळदीकुंकवाला गेली होती, नाहीतर तिने काहीतरी कारण काढून रिक्षाच बोलावली असती. मी मागच्या सीटवर गुडघे टेकून मागच्या काचेतून धूळ पाहत होते. आजोबांनी गाडी घाटाच्या रस्त्याला वळवली.

"बाबा, इकडून?" आई म्हणाली.

"मंग कुठून?"

"काका तं मले इकडून कधीच नेत नव्हते."

आजोबांनी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला, गाडी आपोआप मंदावली. "कोण, श्रीधर? मंग कुठून नेत होता?"

"मेडिकल चौकातून न. अजनीच्या पुलावरून. आईनं सांगितलं होतं म्हणे, घाट टाळून नेजो. माह्या पहिल्या वेळेचं तिच्या मनात होतं न." आईला यात काही विशेष वाटत नव्हतं, ती हसत सांगत होती. "अन् इतके हळू नेत, बाबा, की सायकलवाले पुढं निघून जात. मी म्हणे, काका, थर्ड टाका न, तं म्हणत, नाही, लेकराले धक्का लागन. दवाखान्यासमोर तं गाडी बंदच नव्हते करत. बॅटरी डाऊन होती न तेव्हा."

आजोबांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मला आठवतं ते त्यांचे हात. स्टिअरिंगवर दोन्ही हात तसेच ठेवून ते समोर पाहत बसले. आईने विचारलं, बाबा, बरं वाटत नाही का? ते म्हणाले, "बरं आहे." थोड्या वेळाने गाडी सुरू केली आणि मागे वळवली.

मेडिकल चौकातून, दुसऱ्या गियरमध्ये. मागून ट्रकवाले भोंगे वाजवत होते. आई म्हणाली, बाबा, आता रस्ता चांगला झाला आहे, थर्ड टाका. त्यांनी टाकला नाही. पुलाच्या चढावर हातगाडी आली तर अर्ध्या क्लचवर गाडी धरून उभे राहिले. दवाखान्यासमोर इंजिन चालू ठेवून बसले आणि मला आत पाठवलं. आजीने रिक्षाचं नाव काढलं तरी आईच्या पुढच्या काही खेपा त्यांनी तशाच केल्या. टाकी भरून सुरुवात केली होती. शेवटी पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भरून घेतली, मीटर पाहिलं, मनात भागाकार केला, आणि तोंडातून मोठ्याने निघालं, "नऊ."

पंपावरचा माणूस म्हणाला, "अजून नऊ लिटर? टाकीत बसणार नाही, साहेब."

त्या दिवशी आजोबा घरी येऊन चपला न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मी आजीशेजारी शेंगा सोलत होते.

"तुले माहीत होतं?"

आजीने 'काय' म्हणून विचारलंसुद्धा नाही. "होतं."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"शपथ होती लेकराची. मंग लेकरू झालं, तं श्रीधर नोको म्हणे." आजीने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "अन् तुम्ही विचारलं कधी? तुम्ही तं हिशोब मागतला. विचारलं असतं की काहून गा श्रीधर, काही अडचण हाय काय, तं शपथ मोडून सांगितलं असतं मी."

आजोबांनी विचारलं, "म्हणून तो मले तुम्ही म्हणते?"

आजी रडायला लागली. आजोबांना हे विचारायला पाच वर्षं लागली म्हणून ती रडत होती, असं ती मला पुढे म्हणाली.

रविवारी आम्ही कोराडीला गेलो, आजोबा, आजी आणि मी. आई जड झाली होती म्हणून घरी राहिली. कोळशाच्या ट्रकांच्या मागे मागे आजोबा गाडी चालवत होते. मानकापूरचं फाटक बंद मिळालं आणि त्यांनी इंजिन बंद केलं नाही. आजीने त्यांच्याकडे पाहिलं.

श्रीधरच्या क्वार्टरपुढे तुळशीच्या पानांवरही राख बसलेली होती. सुमती काकी ती पाण्याने पुसत होती. आम्हाला पाहून तिची धांदल उडाली. श्रीधर बनियनवर बाहेर आला, सदरा चढवत म्हणाला, "या दादा, बसा. कळवलं असतं तं मी आलो असतो. तुम्ही काहून त्रास घेतला."

आजोबा बसले नाहीत. उभ्या उभ्या म्हणाले, "श्रीधर, मी अजनीच्या पुलावरून जाऊन आलो. सेकंडमध्ये. नऊच देते."

श्रीधरला कळायला क्षणभर लागला. मग त्याने आजीकडे पाहिलं. आजी घाईने म्हणाली, "मी नाही सांगितलं गा. शामलानं सांगितलं. तिले कुठं शपथ होती."

"चुकलं माझं," आजोबा म्हणाले. माझ्या माहितीत त्यांनी हे वाक्य आयुष्यात एकदाच उच्चारलं. "जावयासमोर बोललो. तुले चोर म्हटलं. मले समजलं पाहिजे होतं, तू तसा नाही म्हणून. गाडीले बारा वेळा उघडून पाहिलं मी, तुले एक डाव विचारलं नाही."

श्रीधरने त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. "असू द्या न, दादा. जुनी गोष्ट हाय. माह्या मनात काही नाही. तुम्ही मनाले लावून घेऊ नका."

आणि खरंच त्याच्या मनात काही नव्हतं, असं मला आजही वाटतं. तो रागावलेला असता तर बरं झालं असतं. राग विझवता येतो.

आजीने मला पुढे ओढलं. "इकडं ये वं. धाकट्या आजोबाले म्हण, सुटली."

"काय सुटली?"

"शपथ. तुह्या नावाची शपथ होती त्यांच्यावर. म्हण."

मला खेळ वाटला. मी श्रीधरच्या गुडघ्याला धरून म्हटलं, "सुटली." त्याने मला उचलून घेतलं आणि माझ्या फ्रॉकमध्ये तोंड लपवलं. सुमती काकी पदराने डोळे पुसत चहा ठेवायला गेली. मला वाटलं, आता सगळे हसतील. आजोबासुद्धा तसंच समजले असावेत, कारण ते खुर्चीत पुढे झुकून, लहान मुलाने खाऊ मागावा तसे म्हणाले,

"शपथ सुटली न गा. मंग आता मले तू म्हण."

श्रीधरने मला खाली ठेवलं. तो हसला, त्याने तोंड उघडलं. मी अगदी समोर उभी होते, मला त्याचे ओठ हललेले दिसले. पण शब्द आला नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला. मग मान खाली घालून म्हणाला, "आता तोंडात बसत नाही, दादा."

आजोबा म्हणाले, "बरं, बरं." आणि चहा घेतला. बशीत ओतून, फुंकर घालत, नेहमीसारखा.

त्यानंतर आजोबा बरीच वर्षं जगले आणि गाडीही. त्यांनी अ‍ॅव्हरेज काढणं सोडून दिलं. दुकानातल्या गिऱ्हाइकांना वाटलं, म्हातारपण आलं. श्रीधर सणावाराला येतच राहिला, आजोबांच्या पहिल्या आजारपणात तर पंधरा दिवस उशाशी बसला. सख्ख्या भावाने करावं ते सगळं त्याने केलं. पण यायचा तो बसने, आणि जायचा बसने.

तो येणार म्हटलं की आजोबा गाडी घेऊन बर्डीवरच्या बसथांब्यापाशी जाऊन उभे राहायचे. मी मोठी झाल्यावर अनेकदा त्यांच्याबरोबर गेले आहे. कोराडीची बस कधी वेळेवर यायची नाही. आजोबा झाडाखाली गाडी लावायचे आणि इंजिन चालू ठेवायचे. बॅटरी नवी होती, ढकलायची वगैरे काही भीती नव्हती. मी म्हणायचे, आजोबा, बंद करा ना, किती वेळ लागेल कोण जाणे. ते म्हणायचे, राहू दे. ऊन चढायचं, गाडीत धूर यायचा, शेजारचा रसवंतीवाला आमच्याकडे वैतागून पाहायचा, आणि आजोबा प्रत्येक उतरणाऱ्या माणसाकडे मान उंच करून पाहत बसायचे.

बस यायची. श्रीधर हातात पिशवी घेऊन उतरायचा, आम्हाला पाहायचा, चालत खिडकीपाशी यायचा. आधी आजोबांना वाकून नमस्कार करायचा. मग आत हात घालून, अगदी हळू, स्वतःच किल्ली फिरवून इंजिन बंद करायचा.

"मी आलो असतो न रिक्षानं," तो म्हणायचा. "तुम्ही काहून पेट्रोल जाळता, दादा?"